टॅलो स्ट्रीटवरची पहिली बाई

कोरिना टिबोला मरायचं काम मिळालं ते तिच्या फुप्फुसांमुळे.

न्यूफाउंडलंडातल्या कॉर्नर ब्रूक गावी, लहानपणी, ती पोहणाऱ्या मुलींच्या एका चमूत होती. पाण्यात डोकं खाली, पाय वर, आणि गाण्याच्या तालावर सगळ्यांनी एकदम हलायचं, असला तो खेळ. नाकाला चिमटा लावून कोरिना इतका वेळ पाण्याखाली राही, की काठावर बसलेली तिची आई दर वेळी न राहवून उठून उभी राहायची. पदकबिदक काही मिळालं नाही. पुढे गॉर्डी नावाच्या मुलामागे ती टोरांटोला आली, गॉर्डी कामामागे अल्बर्टातल्या तेलाच्या विहिरींवर गेला, आणि हळूहळू रविवारच्या फोनपुरता उरला. कोरिनाच्या वाट्याला आल्या त्या लेकशोर रस्त्यावर एका ड्रायक्लीनरच्या वरच्या दोन खोल्या, ब्रायडी नावाची मुलगी, आणि श्वास कोंडून धरायची ती जुनी सवय.

टोरांटोत शूटिंगला तोटा नाही. न्यूयॉर्क दाखवायचं असो की शिकागो, कॅमेरे इथेच येऊन उभे राहतात. कोरिना एक्स्ट्रा म्हणून जायला लागली. घडीची खुर्ची, लोकरीचं विणकाम आणि डबा घेऊन सकाळी जायचं, हाक मारली की गर्दी व्हायचं. या धंद्यात एक शिस्त कडक आहे. ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही. एक्स्ट्राच्या तोंडून एक शब्द जरी बाहेर पडला तरी ती नटी ठरते, तिचा दर बदलतो आणि निर्मात्याचा रक्तदाब वाढतो. म्हणून लग्नांत, बाजारांत, कोर्टात, सगळीकडे कोरिना मुक्यानंच गप्पा मारत आली होती.

'टॅलो स्ट्रीट' या नव्या मालिकेसाठी मुख्य सहाय्यक दिग्दर्शक लॉर्न कोस्टिक मढं शोधत होता. लॉर्न म्हणजे पोट सुटलेला, घसा बसलेला, सेटवरच्या प्रत्येकाला कामाला लावणारा माणूस. आठदहा बायका ओळीनं जमिनीवर निजवल्या, तर कुणाची छाती वरखाली होतेय, कुणाची पापणी थरथरतेय. शेवटी कोरिना पडली. पडली ती पडलीच. बऱ्याच वेळानं लॉर्नलाच घाम फुटला. त्यानं वाकून तिचा खांदा हलवला.

"अगं बये, आहेस ना?"

कोरिनानं डोळे उघडले नाहीत. "तू आधी कट म्हण राजा, मग सांगते."

लॉर्न म्हणाला, "हिला घ्या. बाकीच्या सगळ्या फार जिवंत आहेत."

मालिकेची गोष्ट अशी होती. जुन्या लंडनमधला एक खुनी टॅलो स्ट्रीटवरच्या घड्याळजीच्या मागल्या दारातून निसटतो तो थेट आजच्या न्यूयॉर्कमध्ये निघतो आणि तिथं बायका मारत सुटतो. त्याच्या मागावर एक पोलीस बाई असते. त्याला थांबवायचं तर त्याचा अगदी पहिला खून थांबवायला हवा. म्हणून दर भागात ती त्या दारातून मागच्या काळात जाते, पावसातून धावत गल्लीत येते, आणि दर भागात तिला उशीर होतो. पहिली बाई आपल्या टोपलीशेजारी पडलेली असते. त्या बाईला कागदावर नावसुद्धा नव्हतं. नुसतं 'पहिली'. आणि दर भागाचा दिग्दर्शक वेगळा, त्यामुळे प्रत्येकाला तिचं मरण नव्या कोनातून हवं असे. एकदा छपरावरून, एकदा गटाराच्या जाळीतून, एकदा खुन्याच्या बुटांमागून.

गल्लीतले दगड फायबरचे होते, पाऊस नळाचा होता, रक्त साखरेच्या पाकाचं होतं. थंडी मात्र खरी होती. पाठीखाली गरम पिशव्या सरकवून कोरिना तासन्‌तास भिजत पडायची. खुन्याचं काम करणारा अ‍ॅलिस्टर प्रूइट हा माणूस इतका मऊ, की दोन टेकच्या मध्ये तो रक्तानं माखलेल्या हातानं तिच्यावर छत्री धरून उभा राही.

"लागलं का गं खांद्याला?"

"नाही रे. पण आज तुझा हात हलका पडला. घाबरलास का?"

"मला सर्दी झालीय. शिंक येईल म्हणून घाई केली."

रंगपटातल्या मुली विचारायच्या, "काय कोरिना, आज कशी मेलीस?" आणि ती म्हणायची, "कालच्यापेक्षा बरी." काम पक्कं होतं, माणसं चांगली होती. तिची काही तक्रार नव्हती.

मग ब्रायडीनं ते पाहिलं.

ब्रायडी सात वर्षांची. कोरिना कामावर असली की खाली ड्रायक्लीनरच्या दुकानात काम करणारी हलीना तिला सांभाळायची. हलीना मूळची पोलंडची, मनानं सोनं, पण संध्याकाळी टीव्हीसमोर बसली की घोरायला लागायची. त्या संध्याकाळी ती घोरत असताना समोर 'टॅलो स्ट्रीट' लागलं. ब्रायडी ना रडली, ना ओरडली. तिनं हलीनालाही उठवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कोरिनाला जाग आली ती नाकाखाली धरलेल्या एका लहानशा तळव्यानं.

"काय करतेस गं?"

"बघतेय."

"काय बघतेस?"

"हवा येते का ते."

मग ते रोजचंच झालं. रस्त्यानं चालताना ब्रायडी आईच्या कोटाचं टोक मुठीत धरी आणि सोडत नसे. शाळेच्या फाटकाशी तिची मूठ उलगडायला बाईंना यावं लागे. कोरिना अंघोळीला गेली की ब्रायडी दाराबाहेर बसून मिनिटामिनिटाला हाका मारी. कोरिनानं तिला पाकाची बाटली आणून दाखवली, बोट बुडवून चाखवलं, रबराची सुरी स्वतःच्या पोटात खुपसून दाखवली.

"मला माहितीये तो पाक आहे," ब्रायडी म्हणाली. "मी काही बाळ नाही."

"मग भीती कसली वाटते सोन्या?"

ब्रायडीनं पाकाची बाटली बाजूला सारली. "ती पोलीस बाई. तिला माहिती असतं ना कधी होणार ते? कुठे होणार ते पण माहिती असतं. तरी ती दर वेळी उशिरा का येते?"

कोरिनाला इतकंच ठाऊक होतं, की तेराव्या भागात, अगदी शेवटी, पोलीस बाई वेळेवर पोहोचणार आहे. लॉर्ननं जेवणाच्या तंबूत तसं सांगितलं होतं. ती म्हणाली, "शेवटी येते ती वेळेवर. खुन्याचा हात धरते. मी पडतच नाही. टोपली उचलते आणि चालत घरी जाते."

"नक्की?"

"नक्की. तुला दिसेलच."

पोरीनं पायात बूट घालावेत म्हणून आई दिवसाकाठी अशा शंभर गोष्टी बोलते आणि विसरून जाते. ही गोष्ट मात्र ब्रायडीनं धरून ठेवली. वर्गात सगळ्यांना सांगितली, हलीनाला सांगितली, रविवारी फोनवर बापाला सांगितली. कोटाचं टोक तिनं सोडलं नाही, पण पकड जरा सैल झाली. रात्री आता ती एवढंच विचारायची, "आला का तो भाग?"

तो भाग आलाच नाही. एप्रिलमधल्या एका दुपारी, जेवणाच्या तंबूत सगळे राजमा-खिम्याची चिली ओरपत असताना चॅनलच्या मिस व्हिटलॉक आल्या. त्यांचे बूट कोरडे आणि स्वच्छ होते. एवढ्यावरूनच कॅमेऱ्याची पोरं काय ते समजली आणि त्यांनी चमचे खाली ठेवले. मिस व्हिटलॉक थोडक्यात बोलल्या. प्रेक्षक नाहीत. उरलेले भाग दाखवले जाणार नाहीत. आजच्या दिवसाचा खर्च झालेलाच आहे, तेव्हा आजचं काम करा, सहाला दिवे बंद. उद्यापासून सेट मोडायचा.

कुणी वाद घातला नाही. या धंद्यात मालिका अशाच जातात. निम्मे लोक तंबूबाहेर जाऊन दुसऱ्या कामासाठी फोन लावू लागले. सुतारांपैकी एकानं गल्लीतला दिवा आपल्या अंगणासाठी मागून घेतला. कोरिना मात्र चिलीच्या वाडग्यात बघत बसून राहिली. घरी जाऊन काय सांगायचं? 'वाचवलं गं मला, फक्त दाखवलं नाही,' असं ठोकून द्यायचं? पण ब्रायडी विचारणार, 'मग तू कशी चाललीस ते चालून दाखव.' आणि पोरगी चेहऱ्याकडे टक लावून बघणार. सात वर्षांच्या पोरीसमोर मुक्यानं ओठ हलवून भागत नाही.

ती उठली आणि लॉर्नला गाठलं.

"लॉर्न, आज मला वाचवा."

"काय?"

"आजच्या कागदावर काय आहे?"

"टॅलो स्ट्रीट, रात्र, पाऊस. पहिली बाई, खुनी, पोलीस बाई. ती येते, उशीर होतो, तू पडतेस. रोजचंच."

"गल्ली आहे, पाऊस आहे, तिघंही आहेत. मग तिला उशीर कशाला व्हायला हवा?"

लॉर्ननं टोपी काढून डोकं खाजवलं. "बये, दाखवणार कुणाला? चॅनल ते गोदामात टाकणार."

"माझ्या मुलीला. तिला मी इथंच आणून बसवते. टीव्हीचं काय करायचंय मला?" आणि मग तिनं हवा बघण्याची सगळी गोष्ट त्याला सांगितली. लॉर्नला स्वतःला तीन मुली होत्या. त्यानं टोपी पुन्हा घातली.

"निकोलला विचार. तिनं हो म्हटलं तर बाकीचं माझ्याकडे लागलं."

निकोल फॉर्टिन ही मालिका लिहिणारी, आणि योगायोगानं आजची दिग्दर्शकही तीच. ती घड्याळजीच्या खोट्या दुकानात, खोट्या घड्याळांच्या मधोमध, डोळे सुजवून बसली होती. कोरिनानं विचारलं तसं ती म्हणाली, "मी शेवट लिहून ठेवलाय कोरिना. सोळा पानांचा. त्यात पाठलाग आहे, पूल आहे, आग आहे."

"मला आग नको. मला फक्त पडायचं नाहीये."

निकोलनं डोळे पुसले. "बस एवढंच?"

"टोपली उचलायची आणि चालत घरी जायचं. बाकी सगळं तुझ्या सोळा पानांत राहू दे."

मिस व्हिटलॉकना लॉर्ननं सांभाळलं. "कागदावरचंच दृश्य करतोय बाई. फक्त कोन वेगळा."

"या बाईंना संवाद आहे?" मिस व्हिटलॉकनी कोरिनाकडे बोट केलं.

"एक शब्दसुद्धा नाही," कोरिनानंच उत्तर दिलं.

"सहाला बंद."

"सहाला बंद," लॉर्न म्हणाला.

कोरिनानं दुकानात फोन लावला. "हलीना, ब्रायडीला शाळेतूनच उचल आणि ट्रामनं इकडे घेऊन ये."

"का गं? मेलीस की काय?"

"अजून नाही. म्हणून तर ये म्हणते."

पोरगी पोहोचली तेव्हा कोरिना रंगपटाच्या पायरीवर उभी होती. कमरेला जुन्या काळच्या वेशातला कापडी पट्टा इतका आवळलेला की धावणं शक्य नव्हतं. फाटकावरचा पहारेकरी हलीनाला आत सोडेना, आणि हलीना त्याला पोलिश भाषेत काहीबाही सुनावत होती. तेवढ्यात अ‍ॅलिस्टर तिकडे गेला. काळा कोट, उंच टोपी, मनगटापर्यंत लाल हात. कोरिना पायरीवरूनच हातवारे करू लागली. अरे मूर्खा, तुला कुणी सांगितलं जायला! पण ब्रायडी मागे सरली नाही. तिनं मान वर करून त्याला नीट न्याहाळलं.

"तूच का तो?"

"हो, मीच," अ‍ॅलिस्टर ओशाळून म्हणाला.

"माझ्याच आईला का मारतोस दर वेळी?"

"तसं लिहून देतात गं मला."

"मग वाचू नकोस ना."

पहारेकरी खो खो हसला आणि त्यानं फाटक उघडलं. अ‍ॅलिस्टरनं खिशातून एक बिस्कीट काढून ब्रायडीला दिलं. तिनं ते हलीनाकडे दिलं. खुन्याकडचं खायचं नाही, एवढं तिला समजत होतं.

लॉर्ननं दोघींना कॅमेऱ्यामागच्या काळोखात, चित्रण दिसतं त्या छोट्या पडद्याशेजारी बसवलं. दिवे लावणाऱ्यांनी आपली सगळी जादू आज ओतायची ठरवली होती, त्यामुळे तयारीतच वेळ गेला. सहाला थोडाच अवकाश होता. मिस व्हिटलॉक हातात फोन धरून भिंतीशी उभ्या राहिल्या. नळ सुटले, पाऊस सुरू झाला, लॉर्ननं बसक्या घशानं आरोळी ठोकली, आणि कॅमेरा चालू झाला.

कोरिना टोपली घेऊन गल्लीत शिरली. बूट चिखलातून उचलत ती दिव्याखाली आली. घड्याळजीच्या दारातून अ‍ॅलिस्टर सरकला. त्याचा हात तिच्या खांद्यावर पडला, आणि त्याच क्षणी पोलीस बाईची पावलं वाजली. ती वेळेवर आली होती. तिनं त्याचं मनगट पकडलं, पिरगाळलं, रबराची सुरी दगडांवर पडली.

आणि कोरिनाचे गुडघे गेले.

ती पडली. नेहमीसारखी, सुरेख, डावा हात डोक्यावर, गाल ओल्या दगडाला. श्वास आपोआप बंद. पडल्यावर तिच्या लक्षात आलं, की आज पडायचं नव्हतं. खांद्यावर हात पडला की पडायचं, एवढंच तिच्या अंगाला ठाऊक होतं. अंगानं तिला विचारलंच नाही.

कुणीतरी फिसकन हसलं. पाऊस पडत राहिला. मिस व्हिटलॉकनी घड्याळाकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. लॉर्ननं हात आडवा केला. सेटवरचा हा नियम तेवढा चॅनलवालेही पाळतात: कॅमेरा फिरत असताना कट म्हणायचा हक्क फक्त दिग्दर्शकाचा. आणि कट झाला नाही तोवर तो टेक संपलेला नसतो, सहा वाजोत नाहीतर सात. सगळ्यांनी निकोलकडे पाहिलं. निकोल ओठ घट्ट मिटून पडद्याकडे बघत बसली होती.

दगडाला गाल लावून पडलेल्या कोरिनाला काहीच दिसत नव्हतं. डोळे मिटलेले. मढ्यानं कटपूर्वी हलायचं नसतं. इतक्या महिन्यांत ती कधी हलली नव्हती, नाकावर माशी बसली तरी नाही. काळोखात पोरगी बसलीय, या एकाच गोष्टीनं तिची छाती आतून फुटायला आली होती. हेच दाखवायला बोलावलं का मी तिला? जवळून, मोठ्ठं, पावसासकट?

"आई," काळोखातून आवाज आला. खणखणीत. "ती आली होती गं वेळेवर! तूच चुकलीस!"

हलीनानं पोरीच्या तोंडावर हात ठेवला असावा, कारण पुढचं काही ऐकू आलं नाही.

कोरिनानं डोळे उघडले. दोन्ही हात टेकले आणि ती उठली. कॅमेरा चालू, पाऊस चालू, आणि मढं चिखल झटकत उभं राहिलं. आवाज काढता येत नव्हता, म्हणून तिनं नुसता हात केला: मागे जा. पोलीस बाईला गल्लीच्या तोंडाकडे पिटाळलं, अ‍ॅलिस्टरला दाराआड ढकललं. त्याची सुरी पडली होती ती स्वतःच उचलून त्याच्या हातात दिली. अ‍ॅलिस्टर कुजबुजला, "हात ठेवू की नको खांद्यावर?" तिनं मान हलवली. ठेव. नेहमीइतकाच जड ठेव. चोरटा विजय तिला नको होता. पोरीनं लगेच ओळखलं असतं.

टोपली घेऊन ती गल्लीच्या टोकाशी गेली. आपली गफलत आता तिला उमगली होती. खुनी दाराआडून निघताच ती श्वास धरायची. श्वास धरला की अंग मरायच्या तयारीला लागायचं. म्हणजे आता श्वास धरायचा नाही. इतकं सोपं, आणि उभ्या जन्मात तिला कधी इतकं अवघड वाटलं नव्हतं. लहानपणापासून तिला शाबासकी मिळाली होती ती श्वास कोंडण्याबद्दल.

ती निघाली. तोंड उघडं ठेवून, धापा टाकत, भात्यासारखा आवाज करत. ध्वनीवाल्यानं कानाची यंत्रं धरून डोळे मोठे केले. दिवा आला. दार किरकिरलं. श्वास घे. सोड. खांद्यावर हात पडला. घे! गुडघे लुळे पडू लागले तसा तिनं भिंतीला खांदा दिला, फायबरची भिंत थरथरली, पण पाय उभे राहिले. मागे सुरी पडली. टोपली पडली होती ती तिनं वाकून उचलली आणि चालू लागली. मागे वळून पाहिलं नाही. गल्ली संपली तिथं रंगवलेलं धुकं होतं, त्याच्या कडेनं ती सेटबाहेर गेली, तारा ओलांडल्या, सुतारांच्या फळ्या ओलांडल्या, आणि काळोखातल्या त्या दोन खुर्च्यांपाशी जाऊन थांबली. अजून धापाच टाकत होती.

"कट," निकोल म्हणाली.

सहा वाजून गेले होते. मिस व्हिटलॉकनी फोन पर्समध्ये टाकला आणि त्या निघून गेल्या. लॉर्ननं दिवे मालवायला सांगण्याआधी एक आरोळी ठोकली, "मंडळी, पहिल्या बाईचं काम संपलं!" असं फक्त नटनट्यांसाठी म्हणतात. टाळ्या पडल्या. अ‍ॅलिस्टरला एकदाची शिंक आली.

बाहेर अजून उजेड होता. तोंड धुऊन, स्वतःचा कोट घालून कोरिना निघाली. बरोबर हलीना होती, आणि कोटाचं टोक धरून ब्रायडी.

"हे टीव्हीवर दाखवणार?"

"नाही गं बहुतेक."

"नाही तर नाही. मी बघितलं." थोडं चालल्यावर ती म्हणाली, "पण आधी पडलीस तू."

"हो, पडले. सवयीनं."

"वाईट सवय आहे."

"आहे खरी," हलीना म्हणाली. "आता बाईसाहेब उद्यापासून काम शोधणार. या वेळी जिवंत माणसाचं बघ म्हणावं."

"बघणारच आहे," कोरिना म्हणाली. "बोलायचं काम बघणार आहे."

ट्रामचा थांबा पुढच्या वळणाच्या पलीकडे होता. तिकडून घंटेचा आवाज आला. ब्रायडीनं कान टवकारले. "ट्राम! मी थांबवते!" असं म्हणून तिनं कोट सोडला आणि ती सुसाट पळाली. दप्तर पाठीवर आपटत होतं. मागे न बघता ती वळणाआड दिसेनाशी झाली.

कोरिना जागच्या जागी उभी राहिली. कोटाचं टोक चुरगळून तसंच राहिलं होतं. मग तिला आठवलं. पुढे मोठा रस्ता, संध्याकाळची वेळ, गाड्या.

"ब्रायडी! कडेनं पळ! ब्रायडी!"

"अगं, एवढी धावतेस कशाला?" मागून हलीना ओरडली. "असेल ती तिथं!"

पण कोरिना धावतच होती.